शुमार्ड ओक: मोठ्या सावलीसाठी झपाट्याने वाढणारं झाड कसं लावावं आणि कसं घडवावं

शुमार्ड ओकने एकदा जमिनीत मुळं धरली की तो वर्षाला साधारण ६० सेंटिमीटर उंची घेतो. चांगल्या मातीत आणि भरपूर उन्हात त्याहून जास्त. बागेत तो १५ ते २० मीटर उंच होतो आणि पसरतोही जवळजवळ तेवढाच. नदीकाठच्या सुपीक जंगलात तर ३० मीटरच्या वर जातो. ओक म्हणजे संथ झाड, हा समज त्याच्या बाबतीत खरा नाही. मात्र हा वेग नुसती जात निवडून मिळत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मुळांचं काय होतं यावर तो ठरतो. खड्डा दहा सेंटिमीटर जास्त खोल गेला, तर पुढे कितीही खत-पाणी केलं तरी झाड खुरटलेलंच राहतं. म्हणून इथे खतापेक्षा खड्ड्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

कोणता ओक कुठे

शुमार्ड हा अमेरिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागातला. नॉर्थ कॅरोलायना ते उत्तर फ्लोरिडा, पश्चिमेला मध्य टेक्सास आणि वर मिसिसिपीच्या खोऱ्यातून मिझुरी, इलिनॉय, इंडियानापर्यंत तो आपणहून उगवतो. कडाक्याच्या थंडीच्या हिशोबाने अमेरिकी कृषी खात्याचे ५ ते ९ हे विभाग त्याला मानवतात. ओढ्या-नद्यांच्या काठी पूर येतो तेव्हा मातीतली हवा काही दिवस संपते. अशा जागी वाढलेली ही जात असल्यामुळे शहरातली दाबलेली, गुदमरलेली माती ती इतर ओकपेक्षा बरी सोसते.

जवळचे पर्यायही लक्षात घ्यावेत. जमीन सखल असेल आणि हिवाळ्यात पाणी साचत असेल तर नटाल ओक घ्या. तो मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातला, पाणथळ जागेला सरावलेला आणि रोप हलवलं तरी लवकर सावरणारा आहे. फक्त त्याला आम्लधर्मी माती लागते. थंड उत्तरेकडे नॉर्दर्न रेड ओक योग्य. बारीक पानांचा, हलका दिसणारा वृक्ष हवा असेल तर विलो ओक. पिन ओकही वेगाने वाढतो आणि म्हणूनच फार लावला गेला, पण मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर गेला की त्याची पानं पिवळी पडतात आणि खालच्या फांद्या आयुष्यभर जमिनीकडे लोंबत राहतात. साध्या घराच्या अंगणासाठी आम्ही पिन ओक सुचवत नाही.

रोपवाटिकेत शुमार्डच्या नावाखाली पिन ओक किंवा त्या दोघांचा संकर मिळण्याची शक्यता असते, म्हणून नीट पाहून घ्यावं. शुमार्डचं पान मोठं, बहुधा १५ सेंटिमीटरच्या आसपास, सात ते नऊ खाचांचं आणि प्रत्येक टोकाला केसासारखा काटा असलेलं. त्याच्या कळ्या राखाडी किंवा गवतरंगी आणि कोनदार असतात. पिन ओकच्या कळ्या बारीक आणि तांबूस. झाडाखाली अ‍ॅकॉर्न (ओकची फळं) पडलेली असतील तर शंकाच उरत नाही. शुमार्डचं अ‍ॅकॉर्न अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरतं आणि त्याची टोपी उथळ बशीसारखी असते. पिन ओकचं जेमतेम सव्वा सेंटिमीटर.

बी कुठलं आहे हेही विचारा. मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या पातळ मातीत दमट पूर्वेकडच्या बियांची झाडं रखडतात. तिथे स्थानिक बियांचं रोप किंवा आकाराने लहान असलेला टेक्सास रेड ओक घ्यावा.

जागा

उन्हाळ्यात घर तापतं ते दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाने. त्यामुळे पश्चिम आणि नैऋत्य बाजूला लावलेलं झाड सर्वात जास्त उपयोगी पडतं. पानगळ होत असल्याने हिवाळ्यातलं ऊन ते फारसं अडवत नाही. भिंतीपासून किमान ६ मीटर, जागा असेल तर ८ ते १० मीटर अंतर ठेवा. फरसबंदी, वाट किंवा गाडीरस्त्यापासून ३ मीटर तरी हवेत. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर तिथे हे झाड नकोच. छाटून-छाटून ते विद्रूप होईल आणि पोखरलं जाईल. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी थेट ऊन मिळणारी जागाही सोडून द्या.

जमिनीखाली किती माती मिळते, हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. एवढ्या मोठ्या झाडाला मुळं फिरवता येईल अशी सुमारे ३० घनमीटर माती लागते, म्हणजे ९० सेंटिमीटर खोली धरली तर साधारण ६ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद तुकडा. फुटपाथ आणि रस्त्यामधल्या दीड मीटरच्या पट्टीत लावलेला ओक एकतर फरशी उचलतो, नाहीतर पंधराव्या वर्षी वाढायचा थांबतो.

निचरा तपासायला ४० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, रिकामा होऊ द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी तासाला किती उतरतं ते मोजा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर उत्तम. तासाला एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर मुळांचा गोळा एक तृतीयांश जमिनीच्या वर ठेवून भोवती लांब उताराचा उंचवटा करा, किंवा सरळ नटाल ओक निवडा. खड्ड्याच्या तळाशी खडी घालून निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत उतरण्याआधी वरच अडकतं आणि मुळं आणखी ओली राहतात.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करा. अमेरिकेत ही सेवा विनामूल्य आहे. जमिनीखालच्या गॅस, वीज आणि पाण्याच्या वाहिन्या येऊन खुणा करून देतात. त्यासाठी काही दिवस आधी कळवावं लागतं.

रोप निवडणं

मोठं झाड आणलं की लवकर सावली मिळेल, असं वाटणं साहजिक आहे, पण ओकच्या बाबतीत ते क्वचितच खरं ठरतं. शेतातून खणून काढलेलं झाड आपली बहुतेक मुळं मागेच सोडून येतं, आणि झाड जितकं मोठं तितकी ती भरून यायला जास्त वर्षं लागतात. ४ ते ५ सेंटिमीटर जाडीच्या खोडाचं रोप १० सेंटिमीटरवाल्याला काही वर्षांत गाठतं, आणि त्याला पाणीही कितीतरी कमी लागतं. ही जाडी जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर मोजतात.

रोपवाटिकेत पानं बघण्याआधी खोडाचा पाया बघा. खोड जमिनीला टेकतं तिथे ते रुंद व्हायला हवं आणि मुख्य मुळं बाहेर पडताना दिसायला हवीत. या भागाला रूट फ्लेअर म्हणतात. खोड खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल तर फ्लेअर गाडला गेला आहे. बोटाने माती उकरून तो किती खाली आहे ते पाहा. पाच सेंटिमीटरपर्यंत असेल तर लावताना दुरुस्त करता येतं. त्याहून खोल असेल किंवा खोडाभोवती अंगठ्याएवढं मूळ गुंडाळलेलं असेल तर ते रोप घेऊ नका. मग खोड हलक्या हाताने मागे-पुढे हलवा. गोळा खोडाबरोबर हलला पाहिजे. खोड मातीत सैल फिरत असेल तर मुळं कमकुवत आहेत.

वरच्या भागात एकच सरळ शेंडा हवा. दोन सारख्या जाडीचे शेंडे अगदी अरुंद कोनात एकमेकांना चिकटून वर गेले असतील, तर मधली साल आत दबली जाते आणि वीस-तीस वर्षांनी वादळात तिथूनच झाड चिरतं.

लावणी

अमेरिकेच्या दक्षिणेत पानगळ झाल्यापासून हिवाळा संपेपर्यंतचा काळ सर्वात चांगला. माती उबदार असेपर्यंत मुळं वाढत राहतात. उत्तरेच्या थंड भागात, विशेषतः गोणपाटात बांधलेलं रोप असेल तर, वसंताच्या सुरुवातीला कळ्या फुटण्याआधी लावा.

आदल्या दिवशी गोळ्याला भरपूर पाणी द्या. मग क्रमाने पुढे जा.

१. कुंडीतून काढल्यावर वरची जादा माती खरवडून फ्लेअर उघडा करा. पहिलं मुख्य मूळ पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत यायला हवं.

२. गोळ्याची बाहेरची बाजू आणि तळ धारदार करवतीने किंवा चपट्या कुदळीने दोन-तीन सेंटिमीटर तासून टाका. हे निर्दय वाटतं, पण कुंडीच्या भिंतीला लागून गोल फिरलेली मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतात आणि पुढे खोडाला फास लावतात. तासलेल्या टोकांतून नवी मुळं सरळ बाहेर पडतात.

३. तळापासून फ्लेअरपर्यंत गोळ्याची उंची मोजा. खड्डा त्यापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर कमी खोल आणि गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद खणा, कडा उतरत्या ठेवा. तळाची माती सैल करू नका. नाहीतर पुढे झाड खचून फ्लेअर पुन्हा गाडला जातो. चिकणमातीत फावड्याने गुळगुळीत झालेल्या भिंती खरवडून खडबडीत करा.

४. रोप उचलताना खोडाला नव्हे, गोळ्याला धरा. खड्ड्यात ठेवल्यावर आडवी काठी टाकून उंची तपासा आणि दोन बाजूंनी दुरून पाहून खोड सरळ करा.

५. गोणपाटातलं रोप असेल तर जागी बसवल्यावर खोडाची दोरी पूर्ण काढा आणि तारेची जाळी व गोणपाट वरून निम्म्यापर्यंत कापून टाका. कृत्रिम धाग्याचं कापड असेल तर सगळंच काढा, ते कुजत नाही.

६. खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरा. कंपोस्ट, शेणखत, पीट (दलदलीतलं कुजकं शेवाळ) काही मिसळू नका. सुधारलेल्या मातीत मुळं आरामात बसतात, बाहेरच्या कठीण मातीत जात नाहीत, आणि चिकणमातीत असा खड्डा पाणी धरून ठेवतो. ढेकळं फोडा, निम्मी माती भरल्यावर पाणी सोडून ती बसू द्या, मग बाकीची भरा. पायाने तुडवू नका. गोळ्याच्या माथ्यावर माती टाकू नका.

७. भोवती ५ ते ८ सेंटिमीटर जाड लाकडाच्या बारीक तुकड्यांचं किंवा पाल्याचं आच्छादन दीड मीटर त्रिज्येपर्यंत पसरा. खोडाभोवतीची १५ सेंटिमीटर जागा उघडी ठेवा. खोडाला टेकवून ज्वालामुखीसारखा ढीग रचण्याची पद्धत सगळीकडे दिसते. तिच्याने साल सतत ओली राहते, कुजते, आणि तिच्या आधाराने उंदीर साल कुरतडतात.

आधाराच्या काठ्या वाऱ्याची जागा असेल किंवा गोळा डुलत असेल तरच लावा. पट्टा रुंद आणि सैल असावा, खोडाला थोडं हलता यावं. हलण्यानेच ते बुंध्याशी जाड होतं. वर्षभरात सगळं काढून टाका. विसरलेला पट्टा सालीत रुततो.

पाणी

नव्या झाडाची सगळी मुळं सुरुवातीला त्या गोळ्यातच असतात. शेजारची जमीन ओली असतानाही गोळा कोरडा पडू शकतो, कारण कुंडीतलं मिश्रण मातीपेक्षा लवकर सुकतं. लॉनच्या फवाऱ्यावर भरवसा ठेवला की झाड मरतं ते बहुधा याच कारणाने. पाणी थेट गोळ्यावर, सावकाश सोडा.

खोडाच्या जाडीच्या दर सेंटिमीटरला ३ ते ४.५ लिटर हा हिशोब धरा. म्हणजे ५ सेंटिमीटरच्या रोपाला एका वेळी १५ ते २२ लिटर. उष्ण भागात पहिले दोन आठवडे रोज, पुढचे दोन महिने एक दिवसाआड, नंतर झाड स्थिर होईपर्यंत आठवड्याला एकदा. चांगला पाऊस झाला तर ती पाळी वगळा. थंड भागात आणि चिकणमातीत पाळ्या निम्म्याने कमी पुरतात. दर वेळी बोट किंवा सळई गोळ्यात दहा सेंटिमीटर खुपसून पाहा. ओलसर लागली तर थांबा.

पाणी कमी पडलं तर पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत होतात. जास्त झालं तर पानं फिकट पिवळी होऊन मऊ असतानाच गळतात. कोमेजणं मात्र दोन्हीत सारखंच दिसतं, म्हणून पानं बघून नळ सोडू नका, आधी माती तपासा.

थंड हवामानात खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे स्थिर व्हायला साधारण एक वर्ष लागतं, उष्ण दमट भागात काही महिने. या काळात नवी फूट जेमतेम १०-१५ सेंटिमीटर आली तरी घाबरू नका, झाड खाली काम करत असतं. नवी फूट एकाएकी लांब यायला लागली की मुळं सुटली असं समजा.

खरोखर वेग कशाने येतो

गवत काढल्याने. लॉनची दाट मुळं वरच्या थरातलं पाणी आणि नत्र आधी उचलतात, आणि ओकची अन्न घेणारी मुळंही याच वरच्या ३० ते ६० सेंटिमीटरच्या थरात असतात. दीड मीटर त्रिज्येचं गवतविरहित वर्तुळ पाच-सहा वर्षं राखलं तर जो फरक पडतो तो कुठल्याही खताने पडत नाही. या वर्तुळामुळे गवत कापायचं यंत्रही खोडापासून लांब राहतं. नायलॉनच्या दोरीच्या यंत्राने कोवळी साल सगळीकडून सोलली गेली तर झाड संपलंच. लॉनवर तणनाशक मिसळलेलं खत टाकत असाल तर झाडाखाली आणि जवळपास टाळा. डायकांबासारखी औषधं मुळांतून वर चढतात आणि पानं चमच्यासारखी वळतात.

खत पहिल्या वर्षी देऊ नये. दुसऱ्या वर्षापासून माती तपासून, कमतरता असेल तरच सावकाश विरघळणारं नत्र वसंतात द्यावं.

पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तोही आधी नव्या पानांत, तर लोहाची उणीव समजा. बहुतेक वेळा लोह मातीत असतं, पण जास्त सामूमुळे झाडाला मिळत नाही. शुमार्ड साधारण साडेसातपर्यंतचा सामू सोसतो. त्यापुढे ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लोह मातीत घालून पानं हिरवी होतात, मात्र ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरवण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो.

छाटणी: पहिली वीस वर्षं

लावताना फक्त मोडकी आणि वाळकी फांदी काढा. मुळं कापली म्हणून पानंही कमी करावीत, हा जुना सल्ला चुकीचा आहे. नवी मुळं पानांनीच बनवलेल्या अन्नावर वाढतात.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून दर दोन-तीन वर्षांनी एकदा काम करा. मुख्य शेंडा एकच ठेवा. त्याच्याशी स्पर्धा करणारी फांदी एकदम न काढता तिची लांबी एक तृतीयांश ते निम्मी कमी करा, तीही बाहेर जाणाऱ्या एखाद्या उपफांदीपाशी कापून. तिची वाढ मंदावते, शेंडा पुढे जातो. कोणतीही फांदी जोडाच्या जागी खोडाच्या निम्म्याहून जाड होऊ देऊ नका.

खालच्या फांद्या लवकर साफ करून रोपाला छत्रीचा आकार देण्याचा मोह आवरावा. त्या खोड जाड करतात आणि त्याला उन्हापासून जपतात. त्या तात्पुरत्या समजा, छोट्या करून ठेवा आणि तीन-चार सेंटिमीटर जाड होण्याआधी टप्प्याटप्प्याने काढा. कायमची पहिली फांदी अंगणात अडीच-तीन मीटरवर आणि रस्त्यावर सव्वाचार मीटरच्या वर हवी. फांदी एकदा जिथे फुटली तिथेच राहते. खोड वाढलं म्हणून ती वर सरकत नाही. एका वेळी एकूण पानांच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नका.

काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळ्याच्या लगेच बाहेर घ्या. वळा कापू नका आणि खुंटही ठेवू नका. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी वळ्यापाशी तिसरा. नाहीतर पडताना ती खोडाची साल ओढून नेते.

ओक विल्ट आणि इतर त्रास

छाटणी कधी करायची हे एका रोगामुळे ठरतं. ओक विल्ट ही बुरशी लाल ओकच्या गटात सर्वात घातक आहे आणि शुमार्ड त्याच गटात येतो. शेंड्याकडची पानं टोकापासून तपकिरी होतात, अर्धी हिरवी असतानाच गळतात आणि झाड अनेकदा काही आठवड्यांतच मरतं. मेलेल्या लाल ओकच्या सालीखाली बुरशीचा थर तयार होतो, त्याला आंबलेल्या फळासारखा वास येतो, आणि त्या वासाने आलेले बारीक भुंगेरे बीजाणू घेऊन ताज्या जखमेवर जातात. म्हणून टेक्सासमध्ये फेब्रुवारी ते जून आणि उत्तरेच्या मध्य-पश्चिम भागात एप्रिल ते जुलै छाटणी टाळतात. रोगाच्या भागात वर्षात केव्हाही काप घेतला तर काही मिनिटांत त्यावर रंग लावा. एरवी जखमेवर रंग लावायची गरज नसते. हा अपवाद आहे. शेजारशेजारच्या ओकची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्यातूनही रोग जातो. मेलेल्या झाडाचं सरपण दुसरीकडे नेऊ नका.

उन्हाळा संपताना दर वर्षी त्याच फांद्यांची पानं कडेने करपत असतील आणि करपलेल्या व हिरव्या भागामध्ये पिवळी किंवा तांबूस रेघ दिसत असेल, तर झायलेला जिवाणूचा संशय घ्या. त्यावर उपचार नाही, पाणी आणि आच्छादनाने झाड काही वर्षं टिकतं. साल गळून खाली राखाडी किंवा तपकिरी पापुद्रा दिसला तर ती हायपोझायलॉन बुरशी. ती दुष्काळाने किंवा मुळं कापली गेल्याने खचलेल्या झाडावरच येते. पानांवरच्या गाठी बारीक माश्यांच्या अळ्यांमुळे होतात. दिसायला भयंकर असल्या तरी त्यांना औषध मारण्याची गरज नाही.

बियापासून वाढवायचं असेल तर

अ‍ॅकॉर्न शरद ऋतूत, पडल्यापडल्या गोळा करा. ती सुकली की मरतात. टोपी काढून पाण्यात टाका, तरंगणारी आणि बारीक छिद्रं असलेली फेका. आतली अळी मारायला ४९ अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. तापमान याहून वाढलं तर बीही जातं. मग ओलसर पीटमध्ये घालून, पिशवीचं तोंड किंचित उघडं ठेवून फ्रिजमध्ये १ ते ४ अंशांवर दोन ते तीन महिने ठेवा. गोठू देऊ नका. लाल ओकच्या बीला ही थंडी मिळाल्याशिवाय ते उगवत नाही.

वसंतात किमान ३० सेंटिमीटर खोल, तळ उघडा असलेल्या कुंडीत आडवं, दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. सोटमूळ तळाशी हवेला लागलं की त्याचं टोक वाळतं आणि बाजूची मुळं फुटतात. वरून तारेची जाळी हवीच, खारी एका दिवसात सगळं उकरतात. पहिल्याच हिवाळ्यात रोप कायमच्या जागी लावलं तर सर्वात बरं.

झाड मोठं झाल्यावर

मुळं फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर गेलेली असतात. घराचं काम, नवी वाट किंवा पाइपलाइन निघाली की फांद्यांच्या घेराइतका भाग आधी कुंपण घालून बंद करा. तिथे ना यंत्र उभं राहील, ना वाळू-सिमेंट. बुंध्याशी १५ सेंटिमीटर भरावाची माती टाकली तरी मुळं गुदमरतात, आणि त्याचा परिणाम कधी तीन, कधी सात वर्षांनी शेंडा वाळून दिसतो. दीर्घ दुष्काळात मोठ्या झाडालाही महिन्यातून एक-दोनदा पाणी हवं, तेही खोडापाशी नाही, तर फांद्यांच्या कडेखाली आणि त्याच्या बाहेर, ३० सेंटिमीटर खोल मुरेल इतकं.